जिजाचं माहेर सापडलं, त्याची हकीकत

नायगाव (पूर्व),
जानेवारी सरता सरता. (नेमकी तारीख घालत नाही. हे पत्र एका बैठकीत पुरं होईल अशी लक्षणं दिसत नाहीत.)

श्री. रामूभाऊ यांस,

चंद्रहासचा नमस्कार. तुम्ही वयाने आणि नात्याने दोन्हीकडून मोठे, तेव्हा नमस्कार वाकूनच घातला आहे असं समजावं. खरोखर वाकलो तर सरळ व्हायला भिंत लागते. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमचे गुडघे काय म्हणतात? उरणची हवा मानवते का? दीपेशने एवढ्या हौसेने आणून दिलेलं कानाचं यंत्र तुम्ही कपाटात धोतराच्या घडीखाली ठेवलं आहे, अशी पक्की बातमी माझ्याकडे आहे. (बातमी दीपेशनेच दिली. तुमचा मुलगा आहे, तुम्हाला बोलायची सोय नाही, तो तरी कोणाला सांगणार?) परवा तुम्हाला फोन केला तर तुम्ही तीनदा "कोन?" म्हणालात, आणि चौथ्यांदा "घरात कोन नाय, मंग करा" म्हणून ठेवून दिलात. घरात तुम्ही होतात. असो. तेव्हा पत्र लिहितो आहे आणि अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. दीपेशकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा आणि शेवटपर्यंत वाचा. मध्ये डोळे पुसायला थांबलात तरी हरकत नाही, मीही लिहिताना थांबणारच आहे.

मुद्दा असा, की या घटकेला तुमची बहीण जिजा आमच्या दारापाशी खुर्ची टाकून बसली आहे. मांडीवर पिशवी आहे, डोक्यावर पदर आहे, आणि ती तुमची वाट बघते आहे. होय, तुमचीच. गेल्या गणपतीत तुम्ही आलात तेव्हा तिने तुम्हाला दूधवाला समजून उद्यापासून अर्धाच लिटर टाकायला सांगितलं होतं. तुम्ही जिन्यात जाऊन भिंतीला टेकून रडलात, आणि "मी आता नाय येनार, चंद्रहास, मना बघवत नाय" म्हणून गेलात ते गेलातच. मी त्या दिवशी तुम्हाला थांबवलं नाही. थांबवायला माझ्याकडे होतं काय? त्याच आठवड्यात ती मला लाईटबिलवाला समजून दारातच उभं करत होती. पण आता ती तुम्हाला बघितल्याशिवाय या घरात राहायला तयार नाही. हे कसं झालं ते कळायला तुम्हाला माझ्याबरोबर आधी वाळवंटात यावं लागेल.

कल्पेश बंगळुरूला असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. आईचं हे असं सुरू झाल्यापासून त्याला फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की तो घरी काहीतरी पाठवतो. आजवर पाय चोळायचं मशीन, हवा शुद्ध करायचा डबा आणि माणूस हलला की आपोआप लागणारे दिवे एवढं आलं आहे. (दिवे चांगले आहेत, पण पाणी प्यायला उठलं की आपण चोरी करताना सापडलो असं वाटतं.) डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की बाईंची जागा बदलू नका; रोजचं घर, रोजची माणसं, रोजच्या वेळा. मी हे कल्पेशला फोनवर समजावून सांगितलं. तो म्हणाला, बाबा, बुकिंग झालं. संक्रांत झाली की तुम्ही दोघं कच्छच्या रणात. फार भारी सफारी कॅम्प आहे, परदेशातून माणसं येतात, नुसते तंबू म्हणून घाबरू नका, आत सगळं आहे, आणि हे बुकिंग रद्द होत नाही. मी म्हटलं, अरे, तुझ्या आईला स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणलं तरी ती परगावी आल्यासारखी बसते. तो हळूच म्हणाला, बाबा, आईला मी आजपर्यंत कुठेच नेलं नाही हो. आम्ही गेलो.

बोरिवलीहून गाडी, मग सकाळी कुठल्याशा लहान स्टेशनावर उतरणं, मग त्यांची उघडी जीप. आधी कापसाची आणि एरंडाची शेतं लागली, मग बाभळी, आणि मग काहीच लागेना. रामूभाऊ, मी खाडीकाठचा माणूस, सपाट जमीन मला नवी नाही. पण तिथे नजर टाकली की ती परत येतच नाही. झाड नाही, घर नाही, कुत्रंसुद्धा नाही. आणि त्या एवढ्या नाहीच्या मधोमध पंधरा-वीस पांढरे तंबू, त्यांच्यापुढे फेटे बांधलेले पोरगे हातात बर्फासारखे गार आणि अत्तर लावलेले टॉवेल घेऊन उभे. पाहुण्याने त्याने तोंड पुसायचं असतं. जिजाने तो घडी घालून पिशवीत टाकला. त्यांनी दुसरा दिला, तोही टाकला. तिसऱ्याला मी तिचा हात धरला. (तीच पिशवी आता तिच्या मांडीवर आहे. आत काय काय आहे ते पुढे येईल.)

तंबू आमच्या फ्लॅटपेक्षा मोठा. पलंगावर उशा इतक्या, की निजायच्या आधी त्या उतरवून कोचावर रचाव्या लागतात. आणि एकदा रचल्या की जिजा त्यांना पाहुणे समजून "बसा, च्या टाकते" पुटपुटत होती. मागल्या बाजूला उघड्यावर न्हाणीचा भलामोठा टब. म्हणजे जिथे कित्येक कोसांत पिण्याचं पाणी नाही, तिथे माणसाने गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून आभाळ बघायचं अशी योजना. मी सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीखात्यात केली, टँकर आला नाही म्हणून बायकांच्या शिव्या खाल्ल्या. माझ्याने त्या टबात बसवेना. एका बादलीत उरकलं. मग दुपारी सफारी. सफारी म्हणजे वाघ असं मी धरून चाललो होतो. तीन तास जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतल्यावर गाईडने तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि लांब बोट दाखवलं. गाढवं. रानगाढवं म्हणतात, जगात फार थोडी उरली आहेत. खोटं कशाला बोला, इतकी देखणी, ताठ मानेची गाढवं मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि नोकरीत मी बरीच पाहिली. लोक दुर्बिणी लावून हरखून गेले. जिजा माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. तिला उठवावं असं वाटलं नाही. जागी असती तरी तिने काही विचारलं नसतं. दिवाळीपासून तिने "हं", "नको" आणि "तुमी कोन?" याखेरीज क्वचितच काही बोललेलं मी ऐकलं होतं, आणि तेव्हा माझी खात्री झाली होती की आता असंच चालायचं, बोलणारी जिजा संपली.

तिथला मॅनेजर आपल्या भुईगावचा निघाला. प्लासिड नाव, पस्तिशीचा असेल, हॉटेल लाइनमध्ये दुबई, गोवा करत तिथे पोचलेला. मी टबाविषयी मराठीत जे पुटपुटत होतो ते त्याने ऐकलं आणि पळतच आला. "काका, नायगाव? मी भुईगाव! टेन्शन नका घेऊ, काकींना मी बघतो." कॅम्पमध्ये कांदासुद्धा मोजून, अंड्याचं नाव नाही; पण या गृहस्थाने आपल्या खोलीत आईने दिलेले सुके बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळून लपवले होते, आणि ते भाजायला तो अर्धा मैल रणात चालत जायचा. आमच्यासाठी एकदा गेला. असा माणूस भेटणं हे त्या सगळ्या सहलीतलं पहिलं पुण्य.

दुसरं पुण्य संध्याकाळी घडलं. कॅम्पच्या मागे त्यांनी मिठाचं अंगण केलं आहे. खरं मीठ तिथून बरंच आत, रणाच्या पोटात पिकतं. तिथे आपल्यासारखीच माणसं उन्हात उभी राहून ते काढतात. पण पाहुण्यांना एवढं लांब जाण्याचा कंटाळा, म्हणून ट्रॅक्टर भरभरून मीठ आणून जाजमासारखं पसरलं आहे. त्यावर पांढऱ्या खुर्च्या, कंदील, आणि फोटो काढायला एक झोपाळा. तुमच्या वडलांची हाडं ज्या वस्तूत झिजली, ती बघायला माणसं कुठून कुठून येऊन तिच्यावर खुर्ची टाकून सरबत पितात, हे पाहून मला हसावं की चिडावं ते कळेना. जिजा मात्र कडेलाच थांबली. तिने चपला काढल्या. वाकून दोन खडे उचलले, एक जिभेवर ठेवला, दुसरा बोटांत चुरडून बघितला. आणि मग, रामूभाऊ, ती बोलली. खणखणीत, चार माणसं वळून बघतील अशा आवाजात. "कोनाचं आगर ह्ये? आनि ह्या लोकांना चपला घालून कोनी सोरलं?"

मी चपला काढल्या. प्लासिडने बूट काढले. अहमदाबादचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं झोपाळ्यावर बसून फोटो काढत होतं, त्यांनाही तिने उठवून अनवाणी केलं. आपल्याकडे मिठाच्या आगराची जमीन पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत करतात, तिथे चपलेने गेलं की मार खावा लागतो, हे त्या बिचाऱ्यांना कुठलं माहीत? पण बाईच्या आवाजात अशी जरब होती की नवरा मुलगा सॉरी आंटी म्हणाला आणि मोजेसुद्धा काढून हातात घेऊन उभा राहिला. मी बाजूला होऊन रडून घेतलं. इतक्या दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला होता. काय बोलली याला माझ्या लेखी काही महत्त्व नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर शेजारी जिजा नाही. माझं काय झालं ते लिहीत नाही. धावत बाहेर आलो, तर मागल्या बाजूला माणसांचा घोळका. पाहुण्यांच्या पावलांचे ठसे दिसू नयेत म्हणून तिथले पोरगे रोज सकाळी वाळू सारखी करतात, त्याची लांब दांड्याची फळी जिजाने कुठूनतरी मिळवली होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. त्या फळीने तिने निम्म्याहून जास्त अंगण ओढून त्याच्या राशी लावल्या होत्या, एका ओळीत, टोकदार, तुमच्या वडलांच्या बांधावर लागायच्या तशा. ऊन चढायच्या आत उरकायला हवं होतं म्हणे. खुर्च्या एकीकडे फेकल्या होत्या, कंदील दुसरीकडे. प्लासिड डोक्याला हात लावून उभा. तेवढ्यात मालकाचा फोन आला; कोणीतरी त्याला फोटो पाठवले होते. आता आपल्याला हाकलतात, असं मी धरून चाललो. तर मालक खूष! पाहुण्यांना फार आवडतंय, उद्यापासून चहाबरोबर हा कार्यक्रमच ठेवा, आणि त्या बाईंना विचारा अजून थोडे दिवस राहतील का. मी प्लासिडला म्हटलं, तुझ्या मालकाला सांग, ही बाई कामावर आली आहे, खेळायला नाही. पण जिजाला माझ्या रागाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला माणसं कमी पडत होती. तिने अहमदाबादच्या सुनेच्या हातात फळी दिली, "कंबरेतनं वाक गो, मुंबईवाले" म्हणून दटावलं (शहरातलं कोणीही तिच्या लेखी मुंबईचंच), आणि काम करता करता बोलत राहिली.

काय बोलली ते आता नीट वाचा. ती म्हणाली, "सांभालून. पाठी बघ कोन उबा हाय काय. मी लहान व्हती तवा अशीच फळी खेचली, दादा पाठी व्हता, दांडा त्याच्या हनवटीला बसला. रगत थांबंना. बाबानं इचारलं, तं म्हनाला बांधावरना पडलो. माजं नाव नाय घेतलं. मना बाबानं मारलं असतं." रामूभाऊ, तुमच्या हनवटीवरची ती खोक मी आमच्या लग्नापासून बघत आलो, आणि एवढ्या संसारात ही गोष्ट मला ना तुम्ही सांगितली, ना तिने. जिला आपल्या पोटच्या पोराचं नाव आठवत नाही, तिला तुम्ही वाचवलेला मार आठवतो. तुम्हाला वाटतं ती तुम्हाला विसरली. तिच्याजवळ तुम्ही अख्खे आहात. फक्त तरुण आहात.

इथपर्यंत सगळं छान होतं. घोटाळा मी केला, आणि तो निव्वळ आनंदाच्या भरात. त्या संध्याकाळी शेकोटीपाशी आम्ही दोघंच बसलो होतो. तिने माझ्याकडे बराच वेळ बघून विचारलं, "तुमी कोन? कोनाकडं आयलाव?" मला तो प्रश्न रोजचा. रोज मी खरं उत्तर देतो आणि रोज ती ते ऐकून घाबरते. त्या दिवशी म्हटलं, गंमत करावी. म्हटलं, मी मुलगी बघायला आलोय. ती एकदम खाली बघायला लागली. मग पदर सारखा केला आणि माझी चौकशी सुरू केली. नोकरी हाय? म्हटलं, होती. दारू? नाही. आई हाय घरात? नाही. मंग जेवान कोन करतं? मी करतो. मीठ किती घालता? म्हटलं, अंदाजाने. "आनि जास्त झालं तं?" म्हटलं, पाणी घालतो. ती खदखदून हसली. दोन वर्षं तो खारट झालेला, पाणी घातलेला स्वयंपाक तीच तर जेवते आहे! मला आमचं खरं बघणं आठवलं. तेव्हा वडील गेलेले, घरात कर्ते तुम्ही. जिजाने मान वर केली नव्हती, सगळे प्रश्न तुम्हीच विचारलेत, माझे पाय बघून म्हणालात, मऊ हायत, आगरात नाय चालनार. मी म्हटलं, मी नोकरीवाला आहे. "म्हंजे तिला उन्हात नाय उबी करनार?" नाही. त्यावर तुम्ही आठवडाभर विचार केलात आणि मग दोन शब्दांत निकाल दिलात: "मंग ने." आता इतक्या वर्षांनी मुलीने स्वतः मला प्रश्न विचारले होते. माझं वय काय, पुढे बसली आहे ती कोण, सगळं विसरून मी तिथे नवरा मुलगा होऊन बसलो होतो. इतकं सुख मला पुष्कळ दिवसांत मिळालं नव्हतं. शेवटी मी विचारलं, मग मी पसंत आहे का? ती म्हणाली, "ते दादाला इचारा. दादा हो बोलला तं." आणि उठून गेली.

उठून गेली ती तंबूत, आणि आतून चेन लावून घेतली. लग्न न झालेली मुलगी परक्या माणसाला आत घेते होय? तिथे त्या सतरा उशा, तो टब, ती अत्तरं, सगळ्यांची धनीण एकटी जिजा. आणि मी प्लासिडच्या खोलीत, बोंबलांच्या शेजारी, घडीच्या खाटेवर. (तिच्या सोबतीला प्लासिडने कामावरची एक बाई दिली. तिला घेतलं.) मला वाटलं, सकाळी विसरेल. सगळं विसरते, हेच कसं नाही विसरली? निघायच्या दिवशी जीप दारात, आणि ही पिशवी छातीशी धरून उभी. परक्या माणसाबरोबर मी कुठंही येनार नाय, दादाला बोलवा. प्लासिडने डोकं चालवलं. टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि मोठ्या तोऱ्यात येऊन म्हणाला, "जिजे, मी आयलो. चल." ती जवळ गेली. दोन बोटांनी त्याची हनवटी वर उचलली आणि नीट बघितली. मग म्हणाली, "तू दादा नाय. तू चांगला पोरगा हायस, पन दादा नाय." प्लासिडने टोपी काढली आणि तोंड फिरवून आत गेला. शेवटी मीच म्हटलं, चला, तुम्हाला तुमच्या दादाकडे पोचवतो. तेव्हा कुठे ती गाडीत चढली. सबंध वाटेत माझ्यात आणि तिच्यात पिशवी ठेवली होती.

आता मी तिला दादाकडे म्हणून इथे आणून सोडलं आहे आणि दादा इथे नाही. म्हणून ती दारापाशी. शेजारच्या फेलिशियाबाई रात्री तिच्याबरोबर आतल्या खोलीत झोपतात, आतून कडी लावतात, आणि मी हॉलमध्ये कल्पेशच्या दिव्यांखाली. फेलिशियाबाईंना जिजा मालकीणबाई समजते. त्यांच्या हातचं खाते. मी ताट नेलं की म्हणते, नको, लोक काय बोलतील. दिवसा ती माझ्याशी फार सभ्यपणे वागते. मी इतकी वर्षं जिच्याबरोबर काढली, तिच्या मनात आपली अब्रू सांभाळत मी वावरतो आहे, याचं हसू येतं आणि मग येत नाही. थकलो आहे, रामूभाऊ. हे तुम्हाला सोडून कोणाला लिहू? कल्पेशला लिहिलं तर तो आणखी काहीतरी पाठवेल.

घरात सर्वांना माझा नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याला जे लागू पडेल ते. पत्र लांबलं, रागावू नका.

आपला मेहुणा
(पुन्हा व्हायचा की नाही, ते तुमच्या हातात)
चंद्रहास

ता. क. प्लासिडचा फोन आला होता. टॉवेल राहू द्या म्हणाला. पिशवीत आठ टॉवेल, साबणाच्या चार वड्या, तंबूतल्या सपाता आणि तळाला मूठभर मीठ आहे. मीठ तिने पदराच्या फाटक्या तुकड्यात बांधलं आहे. कोणासाठी ते सांगत नाही. तिने लावलेल्या राशी प्लासिडने अजून पसरू दिलेल्या नाहीत. मालकाशी भांडला म्हणे.

दुसरा ता. क. ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते आता लिहितो. तुम्ही या. आणि येताना दाढी काढून या. वहिनी गेल्या तेव्हापासून तुम्ही ती ठेवली आहे. का, ते मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. फार मोठं मागतो आहे हे मला कळतं. पण गणपतीत तिने तुम्हाला ओळखलं नाही, कारण ती जे बघते ते तुम्ही झाकलेलं होतं. तुमच्या म्हातारपणाचं काही नाही. मी म्हातारा असून तिने मला बघायला आलेला मुलगा मानलंच की. ती वय बघत नाही, हनवटी बघते. आणि समजा, तरीही नाही ओळखलं, तर तुम्ही पुन्हा दूधवाले व्हाल. दूधवाला घरी आला म्हणून कोणाचं वाईट झालेलं नाही. तेव्हा मी तुम्हाला जिन्यात एकटं रडू देणार नाही, एवढा शब्द देतो.

तिसरा ता. क. कानाचं यंत्र घालून या. ती तुम्हाला माझ्याविषयी विचारेल, आणि ती फार हळू विचारते. "कोन?" करू नका. गेल्या वेळेला आठवडा घेतलात, या वेळी एवढा घेऊ नका. मी तिला उन्हात उभी केली हे खरं आहे, ते तुमच्यापासून लपवत नाही. पण ती हसली. मला फक्त ते दोन शब्द परत हवे आहेत.

चौथा ता. क. पाकीट बंद करत होतो, तर दारातून तिने विचारलं, कोनाला लिवता? म्हटलं, तुमच्या दादाला. तुम्हाला मागणी घातली आहे. ती म्हणाली, माजं पन लिवा. म्हटलं, सांगा. तिने सांगितलं तसंच उतरवतो: "दादा, मानूस बरा हाय. म्हातारा हाय, पन बरा हाय."